गेम बॉयवरचा १९९० चा 'बॅटमॅन': नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणाच्या मामाने अमेरिकेहून आणलेला राखाडी गेम बॉय (निन्टेंडोचं हातात धरून खेळायचं यंत्र) माळ्यावरच्या पेटीत सापडतो, कुणी ऑनलाइन जुनी कॅसेट मागवतो, आणि मग प्रश्न सुरू होतात. धरमपेठ, महाल, सदर, हिंगणा, सगळीकडून साधारण तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. गेम लहान आहे, पण त्यात खूप विचार भरलेला आहे, आणि ज्याच्या हातात तो आला त्याने तो नीट खेळावा एवढीच इच्छा आहे.

नेमका कोणता गेम? बॅटमॅनचे तर ढीगभर आहेत.

इथे बोलतो आहोत ते सनसॉफ्ट या जपानी कंपनीने १९९० मध्ये गेम बॉयसाठी काढलेल्या 'बॅटमॅन'बद्दल. तो १९८९ च्या टिम बर्टन यांच्या चित्रपटावर बेतलेला आहे. धावायचं, उड्या मारायच्या, गोळ्या झाडायच्या, असा हा आडव्या सरकणाऱ्या पडद्याचा गेम. गेम बॉय स्वतः एप्रिल १९८९ मध्ये जपानात आला, म्हणजे यंत्र बाजारात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. इतक्या लवकर त्या यंत्राची नस ओळखलेले गेम थोडेच, आणि हा त्यातला एक.

भाऊ, हा बॅटमॅन इतका बारका काऊन आहे?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि या गेमचं सगळं शहाणपण याच्याच उत्तरात आहे.

गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा. कर्णात मोजला तर साधारण अडीच इंच. रंग नाहीत, हिरवट छटा फक्त चार. एवढ्या जागेत सुपरहिरो दाखवायचा म्हटलं की पहिला मोह होतो तो त्याला मोठा, दणकट, केपच्या घड्यांसकट काढायचा. त्या काळातल्या बऱ्याच गेमनी तेच केलं. कॅसेटच्या वेष्टणावर छापायला ती चित्रं छान दिसतात. खेळायला बसलं की कळतं, नायकानेच अर्धा पडदा खाल्ला आहे. समोरून येणारा शत्रू दिसेपर्यंत तो अंगावर आलेला असतो, आणि उडी मारताना खाली खड्डा आहे की जमीन ते दिसत नाही. मग खेळाडूला पाठांतर करून खेळावं लागतं.

सनसॉफ्टने उलटं केलं. त्यांचा बॅटमॅन तुमच्या अंगठ्याच्या नखावर आरामात मावेल. दोन टोकदार कान, एक गडद अंगरखा, संपलं. पण त्यामुळे पुढचं अंतर मोकळं राहतं. दोन मजल्यांवरचे गुंड एकाच वेळी दिसतात, कुठली उडी कुठे पडेल ते आधी ठरवता येतं, गोळी कुठवर गेली ते डोळ्यांनी मोजता येतं. मेलात तर चूक कुठे झाली ते कळतं. माझ्या मते चांगल्या गेमची ही पहिली खूण आहे.

आणखी एक कारण आहे. या पडद्यावरचं चित्र सावकाश बदलतं, हलणाऱ्या वस्तूच्या मागे धूसर सावली रेंगाळते. मोठं, बारीक नक्षीचं चित्र पळवलं की त्याचा राखाडी चिखल होतो. छोटी, ठसठशीत, गडद आकृती फिक्या पार्श्वभूमीवर पळवली की ती पळतानाही ओळखू येते. शिवाय हे यंत्र एकाच आडव्या ओळीवर जास्तीत जास्त १० हलती चित्रं दाखवू शकतं, तीही ८ ठिपके रुंदीची. मोठी आकृती अशा कितीतरी तुकड्यांची जोडलेली असते, त्यामुळे दोन-तीन शत्रू एका रांगेत आले की कोटा संपतो आणि चित्रं लुकलुकायला लागतात. बारक्या बॅटमॅनमुळे तो कोटा शत्रूंसाठी आणि गोळ्यांसाठी उरतो.

बॅटमॅन तर बंदूक वापरत नाही ना? मग इथे हातात बंदूक कशी?

हा आक्षेप रास्त आहे. बॅटमॅन 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या मे १९३९ च्या अंकातून आला, बॉब केन आणि बिल फिंगर यांनी त्याला घडवलं. अगदी सुरुवातीच्या काही कथांत त्याच्याकडे बंदूक होती, पण लवकरच ती गेली आणि बंदुकीचा तिटकारा हा त्याच्या स्वभावाचाच भाग झाला. ज्याचे आईवडील बंदुकीच्या गोळीने गेले, त्याने ती हातात का घ्यावी?

तरीही या गेममध्ये बंदूक का आली ते खेळताना समजतं. आकृती एवढी लहान ठेवली की ठोसा दिसणारच नाही. हात पुढे आला की नाही हे चार-पाच ठिपक्यांत कळायला हवं, आणि शत्रूच्या इतकं जवळ जायला हवं की दोन आकृत्या एकमेकींत मिसळतील. दूरवर जाणारी गोळी स्वच्छ दिसते. पात्राच्या दृष्टीने मला आजही ते खटकतं, खेळाच्या दृष्टीने निर्णय बरोबर वाटतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

गोष्ट समजायला चित्रपट पाहिलेला हवा का?

नको. गॉथमच्या रस्त्यांवरून सुरुवात होते, मग ॲक्सिस केमिकल्सचा कारखाना, मग फ्लुगेलहाइम संग्रहालय, मग बॅटविंग विमानातून आकाशातली लढाई आणि शेवटी कॅथेड्रल, जिथे जोकर भेटतो. कारखान्यात ज्याच्याशी गाठ पडते तो जॅक नेपिअर रसायनात पडतो आणि त्याचाच पुढे जोकर होतो. एवढं माहीत असलं तरी पुरे. चित्रपट पाहिला असेल तर जागा ओळखीच्या वाटतात, इतकंच.

लहानपणी टीव्हीला जोडून बॅटमॅन खेळायचो. तोच ना हा?

नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी जी टीव्हीला जोडायची व्हिडिओ गेम होती, ती बहुतेक निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल. तिच्यावर चालायचा तो सनसॉफ्टचाच दुसरा 'बॅटमॅन', मूळ फॅमिकॉमसाठी, म्हणजे परदेशात एनईएस नावाने विकलेल्या यंत्रासाठी, केलेला. कंपनी एक, चित्रपट एक, पण गेम पूर्ण वेगळे. तिकडचा बॅटमॅन मोठा, जांभळट, ठोसे मारणारा, आणि भिंतीला पाय टेकून पुन्हा उडी मारणारा. ती भिंतीवरची उडी हीच सगळ्यात सोपी ओळख. गेम बॉयवर ती नाही.

लोक दोन्हींची तुलना करून हातातल्याला 'छोटी आवृत्ती' म्हणतात, ते मला पटत नाही. टीव्हीवरचा गेम आखडून या पडद्यात कोंबता आला असता, तो मार्ग त्यांनी घेतला नाही. यंत्र पाहून नवा गेम केला.

फुटपाथवर मिळणाऱ्या '४०० इन १'मध्ये हा असतो का?

नसतो. ती स्वस्त रंगीत यंत्रं दिसतात गेम बॉयसारखी, पण आत फॅमिकॉमच्या नकलेची चिप असते. यादीत बॅटमॅन दिसला तरी तो वर सांगितलेला टीव्हीवरचाच.

कॅसेट नागपुरात मिळेल का?

दुकानात जाऊन 'द्या' म्हणावं अशी नाही. गेम बॉय आपल्या बाजारात कधी धड आलाच नाही. हातातला गेम म्हणजे इथल्या पोट्ट्यांसाठी ब्रिक गेम. त्यामुळे आज शहरात जे काही आहे ते परदेशातून कुणीतरी बॅगेत आणलेलं. पहिली चौकशी घरातच करा. १९९० ते २००० च्या दरम्यान अमेरिका, आखात, सिंगापूर इकडे राहून आलेले काका, मामा, आत्या असतील तर त्यांना विचारा. माळे आवरले जातात ते दिवाळीच्या आधी, तेव्हा आठवण करून द्या.

नाही तर ऑनलाइन जुन्या वस्तू विकणारे. एक गोष्ट लक्षात ठेवा: गेम बॉयच्या कॅसेटला देशाचं बंधन नाही. जपानी कॅसेट अमेरिकन यंत्रावर बिनधास्त चालते. या गेममध्ये वाचण्यासारखं फारसं नाहीच, त्यामुळे जपानी प्रत घेतली तरी काही अडत नाही, आणि ती बऱ्याचदा स्वस्त पडते. परदेशातून मागवताना सीमाशुल्क वेगळं लागतं, ते हिशोबात धरा.

असली-नकली कसं ओळखायचं?

कॅसेटच्या वरच्या बाजूला कंपनीचं आणि यंत्राचं नाव प्लास्टिकमध्येच उठावात ओतलेलं असतं. नकली प्रतीत ती अक्षरं गुळगुळीत, उथळ किंवा वेगळ्याच वळणाची असतात. लेबलची छपाई पाहा: असलीवर ती स्वच्छ असते, नकलीवर बहुतेकदा स्कॅन केलेल्या चित्रासारखी मऊ. खात्री हवी असेल तर उघडून पाहावं लागतं, आणि त्यासाठी ३.८ मिलिमीटरचा खास पेचकस लागतो, कारण स्क्रूचं डोकं नेहमीचं नाही. आतल्या हिरव्या पाटीवर निन्टेंडोचं नाव छापलेलं दिसलं आणि चिप सुटी, पाय दिसणारी असली तर निश्चिंत व्हा. काळ्या डांबराचा गोळा दिसला तर ती बहुधा नकली.

नकली कॅसेटवर गेम चालतोच, पण असलीच्या भावात घेऊ नका.

चालू केलं की वरून नुसती काळी पट्टी उतरते आणि तिथेच अडकतं. यंत्र गेलं का?

बहुधा नाही. उलट ही पट्टी म्हणजे यंत्र जिवंत असल्याचा पुरावा आहे.

बटण सरकवलं की कंपनीचं नाव वरून हळूहळू खाली येतं आणि टिंग असा आवाज होतो, तो सगळ्यांना माहीत आहे. त्या दोन क्षणांत आत तपासणी चाललेली असते. ते नाव यंत्र स्वतःच्या पोटातून दाखवत नाही, कॅसेटमधून वाचून दाखवतं. मग कॅसेटमधलं चित्र आणि यंत्राच्या आत साठवलेलं चित्र ठिपक्याला ठिपका जुळतं का ते पाहतं. जुळलं तरच गेम सुरू होतो. परवानगीशिवाय कॅसेट काढणाऱ्यांना अडवण्यासाठी केलेली ही युक्ती. आता कॅसेटच्या पितळी रंगाच्या पट्ट्यांवर मळ असला तर वाचलेलं चित्र चुकीचं येतं, नावाऐवजी काळा ठोकळा किंवा चट्ट्यापट्ट्या दिसतात, तुलना फसते आणि यंत्र थांबतं. म्हणजे काळी पट्टी दिसली की समजायचं: पडदा ठीक, सेल ठीक, मेंदू ठीक, संपर्क खराब.

उपाय साधा. मोबाईल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्याकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ९९ टक्क्यांचं घ्या. कापसाची काडी त्यात बुडवून निथळवा आणि कॅसेटच्या तोंडातल्या पट्ट्यांवर फिरवा. काडी काळी होईल. नवी काडी घ्या, पुन्हा फिरवा, काडी पांढरी राहीपर्यंत. पाच-दहा मिनिटं वाळू द्या आणि मग लावा.

फुंकर मारली की चालतं, तेवढं पुरे नाही का?

चालतं ते कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे. फुंकरीतून जातो तो ओलावा, आणि ओलाव्याने धातू गंजतो. फुंकर मारू नका.

पडद्यावर उभ्या रेषा गायब आहेत. बॅटमॅन मध्येच कापलेला दिसतो.

हा पहिल्या पिढीच्या गेम बॉयचा नेहमीचा आजार. पडद्याच्या खालच्या कडेला एक चपटी पट्टी असते, तिच्यातून प्रत्येक उभ्या रांगेला वीज जाते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तिची पकड सैल होते आणि त्या त्या रांगा मरतात. पडदा बदलायची गरज नसते.

बर्डीच्या मोदी नंबर २ आणि ३ च्या गल्ल्यांत मोबाईल दुरुस्त करणारे कारागीर बसतात. त्यातल्या कुणीही गेम बॉय आधी पाहिलेला नसेल, तरी काय करायचं ते सांगितलं तर ते करतात, कारण हात तयार आहे. मागचे स्क्रू तीन पाकळ्यांचे आहेत, तो पेचकस तुम्ही सोबत न्या. असं काम मी जवळ बसून पाहिलं आहे. त्याने पुढचं झाकण सोडवलं, पडद्याखालची रबरी पट्टी चिमट्याने अलगद बाजूला केली, सोल्डरिंगची इस्त्री कमी तापमानावर ठेवली, आणि यंत्र चालू ठेवूनच तिचं टोक त्या चपट्या पट्टीवरून डावीकडून उजवीकडे सावकाश ओढलं. टोक जसं सरकत गेलं तशा पडद्यावरच्या मेलेल्या रेषा एकेक करून उजळत आल्या. दोन रेषा परत विझल्या, त्याने पुन्हा एकदा तिथूनच टोक फिरवलं, मग त्या टिकल्या. तापमान जास्त असेल तर पट्टी जळते आणि मग खरंच काही करता येत नाही, त्यामुळे 'इस्त्री हळू ठेवा, दादा' हे आवर्जून सांगा.

आडव्या रेषा गेल्या असतील तर जोड वेगळ्या कडेला असतो आणि काम जास्त नाजूक आहे.

मे महिन्यात पडदा काळवंडतो. गरमीचा काही संबंध आहे का?

थेट संबंध आहे, आणि नागपुरात राहून हा गेम खेळणाऱ्याने हे समजून घ्यायलाच हवं. या पडद्यातल्या द्रव स्फटिकांचं वागणं तापमानावर अवलंबून असतं. गरमी वाढली की त्याच विजेवर ते जास्त गडद होतात. जानेवारीत बरोबर लावलेला पडदा ४५ अंशाच्या दुपारी डांबरासारखा दिसतो. डाव्या कडेला कॉन्ट्रास्टचं छोटं चाक आहे, ते थोडं कमी करा, चित्र परत येईल. थंडीत उलट वाढवावं लागतं. ते चाक कारखान्यात एकदा लावून विसरायचं नाही, ऋतूप्रमाणे फिरवायचं आहे.

खरा धोका उन्हाचा. या पडद्याच्या मागे दिवा नाही, बाहेरच्या उजेडावरच तो दिसतो, म्हणून लोक गच्चीत किंवा खिडकीत घेऊन बसतात. हिवाळ्यात सकाळी जरूर बसा, तेव्हा चित्र सगळ्यात सुंदर दिसतं. पण एप्रिल ते जून थेट उन्हात ठेवला किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलात, तर पडद्यावरचा पोलरायझरचा (प्रकाश गाळणारा) पापुद्रा करपतो आणि मधोमध तपकिरी-काळा डाग पडतो. चाक फिरवून तो जात नाही. पापुद्रा खरवडून नवा लावावा लागतो, ते काम किचकट आहे.

आणि कूलर. नवतप्यात कूलरच्या झोतात बसून खेळणं बरं वाटतं, पण तो झोत पाण्याने भरलेला असतो. त्या खोलीत कॅसेट उघड्या ठेवल्या की दोन उन्हाळ्यांत पट्ट्यांवर डाग दिसू लागतात. खेळून झालं की कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, औषधांच्या बाटलीत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या सोबत टाका. पावसाळ्यातही तोच डबा.

सेल कोणते घालायचे?

चार पेन्सिल सेल. अल्कलाइन घातले तर पंधरा तासांच्या आसपास चालतं, साधे स्वस्त सेल लवकर मान टाकतात. पुन्हा चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेलही चालतात. त्यांचा दाब १.२ व्होल्टच असतो, चार मिळून ४.८, तरी यंत्र तक्रार करत नाही. फक्त लाल दिवा जरा मंद दिसेल. घरातला कुठलाही जुना ॲडॅप्टर खुपसू नका. दाब आणि टोकांची दिशा चुकली तर आतलं जळतं.

त्याच काळात सेगाचं गेम गिअर रंगीत, दिवा असलेल्या पडद्याचं होतं, पण सहा सेल काही तासांत खायचं. गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून जगभरात ११ कोटी ८६ लाखांहून जास्त विकले गेले, त्याला हे एक मोठं कारण.

माळ्यावरच्या यंत्रात जुने सेल तसेच राहिले होते. आत पांढरा-हिरवा थर आहे.

सेल फुटले आहेत. चालू करून पाहू नका. हातमोजे घाला, सेल काढा. अल्कलाइन असतील तर थरावर कापसाच्या काडीने थोडं व्हिनेगर लावा, फसफसेल, मग अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. स्प्रिंगा झिजून तुटल्या असतील तर बर्डीवरचाच कारागीर नव्या बसवून देतो. बहुतेक वेळा यंत्र वाचतं, म्हणून भंगारात देण्याआधी एवढं करा.

माझ्याकडे पहिला गेम बॉय नाही. दुसऱ्या कशावर खेळता येईल?

१९९६ चा गेम बॉय पॉकेट, १९९८ चा कलर, २००१ चा ॲडव्हान्स आणि २००३ चा ॲडव्हान्स एसपी, या सगळ्यांवर हीच कॅसेट चालते. निन्टेंडो डीएसवर चालत नाही, त्याच्या खालच्या खाचेत फक्त ॲडव्हान्सच्या कॅसेट बसतात. आजच्या काळातलं ॲनालॉग पॉकेट नावाचं यंत्रही मूळ कॅसेट घेतं, पण महाग आहे.

कलरवर खेळणार असाल तर एक युक्ती. यंत्र आपणहून जुन्या गेमला काही रंग फासतं, आणि या गेमला ते शोभत नाहीत. कंपनीचं नाव दिसत असताना डावी दिशा आणि बी बटण एकत्र दाबा, सगळं करड्या छटांत येईल. बॅटमॅनला तेच बरं दिसतं. ॲडव्हान्सवर चित्र आडवं ताणलेलं दिसत असेल तर खांद्यावरचं डावं बटण दाबा, मूळ आकार परत येईल.

गेम सेव्ह होतो का?

नाही. एका बैठकीत संपवायचा गेम आहे, सराव झाला की तासाभराच्या आत होतो.

पहिल्याच भागात मरतो. काय चुकतंय?

जवळजवळ प्रत्येक जण तेच करतो: उजवीकडे पळत सुटतो. हा पळायचा गेम नाही. पडद्यावर पुढचं खूप दिसतं ते थांबून बघण्यासाठी आहे. गुंड दिसला की थांबा, तो कुठे वळतो आणि कधी गोळी टाकतो ते पाहा, मग अंतर धरून झाडा.

वाटेत जे ठोकळे दिसतात ते गोळीने फुटतात, आणि त्यांच्यात वस्तू दडलेल्या असतात. त्यामुळे ठोकळे फोडत जायचं, हे झालं. पण सगळेच फोडायचे नाहीत. काही ठोकळे तुमच्या पायाखालची वाट असतात, ते फोडले की वरची वस्तू हाताला लागतच नाही. आधी वाट ठरवा, मग गोळी.

अक्षरं असलेल्या वस्तू म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या गोळ्या. एखादी लांब जाते, एखादी जवळच संपते पण जोरात लागते. नवी उचलली की जुनी जाते. इथेच बहुतेकांचा घात होतो: दिसली वस्तू की उचलली, आणि हातात होती ती चांगली गोळी गेली. जी गोळी तुम्हाला जमते आहे ती धरून ठेवा. समोरचं अक्षर सोडून देण्यात काही नुकसान नाही. कुठली गोळी चांगली यावर एकमत होणं शक्य नाही. मला लांब जाणारी आवडते, कारण मी दुरून खेळतो. उड्या मारत अंगावर जाणाऱ्याला ती नकोशी वाटेल.

मध्येच विमान आलं, हे काय?

बॅटविंग. तिथे गेमचा प्रकारच बदलतो, चालणं-उडी बंद, नुसतं उडत गोळ्या चुकवायच्या आणि झाडायच्या. काहींना हा भाग उपरा वाटतो. सलग उड्यांनंतर हातांना मिळालेला हा बदल मला आवडतो, आणि कॅथेड्रलच्या आधी तो योग्य जागी आहे. पडद्याच्या मधल्या भागात राहा, कडेला चिकटू नका.

संगीताबद्दल एवढं काय बोलतात?

हेडफोन लावून ऐका, मग कळेल. यंत्राच्या अंगावरचा स्पीकर एकच आहे, पण खालच्या भोकात हेडफोन घातला की डावा-उजवा आवाज वेगळा येतो.

संगीत सनसॉफ्टच्या नाओकी कोदाका यांचं. त्यांच्या हाताशी होते चार आवाज: दोन चौकोनी लहरींचे, एक हवा तसा घडवता येणारा आणि एक नुसत्या खरखरीचा. त्या खरखरीतून तबला-ढोलकीसारखा ठेका निघतो, घडवता येणाऱ्या आवाजातून खर्ज, आणि उरलेल्या दोघांवर धून. गोळीचा, स्फोटाचा आवाजही याच चौघांतून काढावा लागतो, म्हणजे खेळाडूने बटण दाबलं की गाण्यातला एखादा आवाज क्षणभर उसना जातो. तरीही ठेका तुटल्यासारखा वाटत नाही, कारण धून इतकी घट्ट बांधलेली आहे की कान गाळलेली जागा आपणच भरतो. पहिल्या भागाची धून चालू ठेवून बॅटमॅनला नुसता उभा करा आणि ती पूर्ण फिरेपर्यंत ऐका.

लहान मुलांना द्यावा का?

आठ-नऊ वर्षांच्या पुढे द्या. रक्त नाही, शत्रू नुसते नाहीसे होतात. बंदूक आहे, त्याबद्दल मुलांशी बोला. उजेडात बसवा, अंधारात या पडद्याकडे डोळे ताणून बघू देऊ नका. मोबाईलवर वाढलेल्या मुलांना पहिल्यांदा अवघड जातं, कारण इथे मध्येच कुणी बक्षीस देत नाही. थोडी मदत करा, पहिला विमानाचा भाग त्यांनी स्वतः पार केला की पुढे सांगावं लागत नाही.

मोबाईलवर डाउनलोड करून खेळलो तर?

कायद्याचं सांगतो. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ नुसार संगणक प्रोग्राम ज्याच्याकडे रीतसर आहे त्याला हरवू-बिघडू नये म्हणून स्वतःसाठी राखीव प्रत करता येते. म्हणजे तुमच्या कॅसेटमधून तुम्ही काढलेली प्रत ही एक गोष्ट, आणि अनोळखी ठिकाणाहून उतरवलेली फाईल ही दुसरी. दुसरीला ते कलम लागू होत नाही. बॅटमॅनचे हक्क एकाकडे आणि गेमचे दुसऱ्याकडे, अशा गुंत्यामुळे चित्रपटांवरचे जुने गेम पुन्हा बाजारात येणं अवघड होऊन बसतं. म्हणूनच ज्या कॅसेट शिल्लक आहेत त्या सांभाळण्याला इतकं महत्त्व आहे.

आणि खेळाचं सांगायचं तर काचेवरच्या बटणांवर या उड्या जमत नाहीत. अंगठ्याला कडा लागली पाहिजे.

हा संपवला. पुढे काय खेळू?

सुपरहिरोच हवा असेल तर कोनामीचा १९९३ चा गेम बॉयवरचा 'बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज'. तो कार्टूनवर बेतलेला आहे, आकृत्या मोठ्या आहेत, रॉबिनही खेळायला मिळतो. मोठी आकृती घेऊनही पडदा कसा सांभाळायचा हे कोनामीला तीन वर्षांनी जमलं, ते या गेमनंतर लगेच खेळलं की जास्त जाणवतं. १९९० चाच 'द अमेझिंग स्पायडर-मॅन' ब्रिटनच्या रेअर कंपनीने केला. त्यात नायक मोठा आहे, वर सांगितलेल्या अडचणी तिथे दिसतील, पण डेव्हिड वाईज यांच्या संगीतासाठी तो एकदा लावाच. आणि टीव्हीला जोडायचं जुनं यंत्र घरात चालू असेल तर सनसॉफ्टचा दुसरा 'बॅटमॅन' शोधा, तो भिंतीवरच्या उडीचा. ती उडी शिकायला वेळ लागतो: भिंतीला टेकल्या क्षणीच बटण पुन्हा दाबायचं, आधी नाही, नंतर नाही.